पोळ्यापर्यंत काय करशील? मुलांना ध्येय ठरवायला शिकवताना

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच आठवड्यात बऱ्याच वर्गांत फळ्यावर प्रश्न येतो: तुमचं ध्येय काय? मुलं पटापट लिहितात. डॉक्टर, कलेक्टर, पायलट. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून दोन-चार कागदांवर ग्रँडमास्टरही असतं. मग कागद गोळा होतात, कपाटात जातात आणि पुन्हा कुणाला दिसत नाहीत.

मुलांनी मोठी स्वप्नं बघावीतच. पण स्वप्न लिहून घेतलं म्हणजे ध्येय ठरवायला शिकवलं, असं होत नाही. भागाकार जसा हात धरून शिकवतो, तसंच हेही शिकवावं लागतं. मी सातवीच्या वर्गात ज्या क्रमाने शिकवते तो इथे देते आहे. घरी एकाच मुलासोबत करायचं असेल तर आईवडिलांना हे आणखी सोपं जाईल.

१. आधी मुदत ठरवा, तीही जवळची

सातवीतल्या मुलाला 'वर्षभरात' हा शब्द कळतो, पण जाणवत नाही. 'पोळ्यापर्यंत' म्हटलं की लगेच जाणवतो. म्हणून मी मुदती सणांच्या घालते: पोळा, गणपती विसर्जन, दिवाळीची सुट्टी. पहिली फेरी तीनच आठवड्यांची असते. पोळ्याच्या तीन आठवडे आधी सुरुवात करायची आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल बाहेर निघण्याआधी संपवायची.

जवळच्या मुदतीचा फायदा संशोधनातही दिसला आहे. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली वजाबाकीत कच्च्या असलेल्या ७ ते १० वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ७ तासिका आणि ४२ पानं असा अभ्यास होता. काही मुलांना सांगितलं, दर तासिकेला ६ पानं करा. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत ४२ पानं पूर्ण करा. बेरीज तीच, पण ६ पानांचं बोलणं झालेली मुलं वजाबाकीत पुढे गेली आणि त्यांना ती आवडायलाही लागली. गणिताला घाबरणारं पोट्टं आठवा, म्हणजे यात काय घडलं असेल ते लक्षात येईल. ४२ पानांचा गठ्ठा बघून त्याचा जीव दडपतो. ६ पानं मात्र आज संपतात, आणि संपली हे त्याला स्वतःला दिसतं.

२. 'सुधारणार' हा शब्द खोडायला लावा

मुलं हमखास लिहितात: गणित सुधारणार, अक्षर सुधारणार, मोबाइल कमी करणार. अशा वाक्याला मी एकच प्रश्न विचारते: शनिवारी मी वही उघडली तर मला काय दिसेल? उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड, आपल्याला मुलाच्या वतीने बोलायची फार घाई असते.

मागे एका मुलाशी झालेलं बोलणं सांगते. "मॅडम, मले गणित जमतच नाही," इथून त्याने सुरुवात केली. सगळं गणित का, विचारलं. नाही, अपूर्णांक. अपूर्णांकांतलं काय? बेरीज, छेद वेगळे असले की. मग शनिवारी वहीत काय दिसेल? बराच वेळ पेन चावून त्याने लिहिलं: 'रोज रात्री जेवणाआधी छेद वेगळे असलेल्या बेरजा, ५.'

टक्के मात्र लिहू देऊ नका. ९० टक्के मिळणं पेपरवर, तपासणाऱ्यावर, त्या दिवशीच्या तब्येतीवर अवलंबून असतं. पाच बेरजा त्याच्या हातात आहेत.

काम मुलाचंच हवं. आईने ठरवलेलं ध्येय मूल आईसाठी चार दिवस करतं. एका मुलीने भावाला सायकल शिकवायची असं लिहिलं होतं. मी ते आनंदाने मान्य केलं.

३. अडचण आधीच विचारून घ्या

कागद भरला की त्याखाली एक ओळ: हे कधी होणार नाही? मुलांना ते अचूक माहीत असतं. त्या मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान आहे आणि संध्याकाळी तो गल्ल्यावर बसतो. त्याने लिहिलं, 'दुकानात गर्दी असली तर बेरजा वहीत फक्त उतरवीन आणि सकाळी व्हॅनची वाट बघताना सोडवीन.' 'असं झालं तर मी तसं करीन' हा साचा सगळ्यांना द्या. अडचण समोर आली की मूल त्या क्षणी नवा विचार करत बसत नाही, ठरलेलं करतं.

४. चौकटी रंगवा, पण रिकाम्या चौकटीला जागा ठेवा

चौकटीच्या वहीत १८ घरं आखायची. रविवार सोडून तीन आठवडे. काम झालं की घर रंगवायचं. इथे माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती, ती सांगायलाच हवी.

पहिल्या वर्षी मी शनिवारी वह्या बघायचे आणि रिकामी घरं दिसली की वर्गासमोर बोलायचे. दुसऱ्या आठवड्यात याच मुलाची वही पूर्ण रंगलेली आली. जवळ धरून पाहिली तर चार घरं एकाच हाताने, एकाच घाईत, रेषेबाहेर जाऊन भरलेली. आधीची घरं त्याने कडेने सावकाश रंगवली होती. त्या चार घरांखाली एकही बेरीज नव्हती. त्याला खोटं लिहायला मीच शिकवलं होतं, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून नियम बदलला. रिकामं घर रिकामंच ठेवायचं आणि त्यात एक शब्द लिहायचा. पाहुणे. ताप. कंटाळा. मॅच. विसरलो. कंटाळा लिहिणाऱ्यालाही कुणी काही म्हणायचं नाही, मीसुद्धा नाही. पालकांना हे पालकसभेत स्पष्ट सांगते, कारण घरी वही बघून शेजारच्या मुलीचं उदाहरण दिलं की तिथून पुढे सगळी घरं रंगलेलीच येतात.

५. शनिवारी दहा मिनिटं

सकाळची शाळा असते, मुलं ताजी असतात. वही उघडायची आणि स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या: किती घरं रंगली, रिकाम्या घरांत कोणता शब्द पुन्हा पुन्हा आला, आणि पुढच्या आठवड्यात काय बदलायचं. तीन वेळा 'पाहुणे' आले असतील तर वेळ बदलायची. तीन वेळा 'कंटाळा' आला असेल तर काम मोठं झालं आहे किंवा मुलाचं नाही, हे ओळखून त्याच्याशी एकट्याने बोलायचं. ठरवलेलं बदलणं म्हणजे हार मानणं, असं मुलांना वाटतं. म्हणून फळ्यावर मी माझंही लिहिते: रोज १० वह्या तपासणार. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर १० खोडून ७ करते आणि कारण सांगते.

चॉकलेट, स्टिकर, टाळ्या हे सगळं मी बंद केलं. रंगलेली घरं मोजतानाचा मुलांचा चेहरा पुरेसा असतो.

६. फेरी संपली की दुसरी लगेच

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलं शेवटचं पान लिहितात: काय जमलं, काय नाही, गणपती विसर्जनापर्यंत काय. या वेळी मी मदत करत नाही, फक्त वर्गात फिरते. त्या मुलाने १८ पैकी ११ घरं रंगवली होती. नव्या पानावर त्याने आधी ५ लिहिलं, खोडलं, ३ केलं. मग खाली, मी न विचारता, आणखी एक ओळ घातली: 'शनिवारी दुकानात माल येतो. त्या दिवशी १.'