क्लबच्या आठवड्याच्या बातम्या पाठवायच्या आधी काय काय तयार हवं

आपल्या रनिंग क्लबच्या आठवड्याच्या बातम्या लिहायचं काम ज्याच्याकडे येतं त्याला सुरुवातीला वाटतं की यात काय एवढं, रविवारी कोण किती पळालं ते टाईप करायचं आणि ग्रुपवर टाकून द्यायचं. मलाही तसंच वाटलेलं. लिहायला खरंच तासभर पुरतो, पण त्याच्या आधीची जमवाजमव आठवडाभर चालते आणि ती झाली नसेल तर त्या तासाचे चार तास होतात आणि वर चुका होतात त्या वेगळ्याच. आता हे काम माझ्याकडून दुसऱ्याकडे जाणार आहे म्हणून काय काय हाताशी ठेवायचं ते सगळं एकदाच लिहून ठेवतेय, क्रम थोडा मागेपुढे होईल, चालवून घ्या.

सगळ्यात आधी मेंबरांची यादी. ती नुसती नावांची नको. क्लबमध्ये हाक मारायचं नाव, रेसला रजिस्ट्रेशन करताना टाकलेलं नाव, वयाचा गट, आणि ५ किमी, १० किमी, हाफ मॅरेथॉन, फुल मॅरेथॉन या चारही अंतरांचा आत्तापर्यंतचा बेस्ट टाईम वर्षासकट. हे एवढ्यासाठी की रिझल्टमध्ये माणूस शोधणं हाच अर्धा व्याप असतो. कोणाचं आडनाव आधी असतं, कोणी लग्नाआधीचं नाव लावलेलं असतं, कोणाचं स्पेलिंग एका रेसला एक आणि दुसऱ्या रेसला भलतंच. मी पहिले काही महिने नावावरून शोधत बसायचे आणि दर वेळी दोघं-तिघं निसटायचेच. मग शहाणपण आलं आणि बिब नंबर, म्हणजे रेसला छातीवर लावायच्या कागदावरचा नंबर, मागायला लागले, कारण बिब नंबर टाकला की माणूस सरळ समोर येतो.

म्हणजेच यादीच्या जोडीला दुसरा कागद लागतो तो गुरुवारचा. दर गुरुवारी ग्रुपवर विचारायचं की या रविवारी कोण कुठे पळतंय, अंतर किती, बिब नंबर काय. बिब मिळालं नसेल तर शनिवारी परत आठवण करायची, दोनदा विचारलं म्हणून कोणी रागावत नाही. क्लबतर्फे कोणी पाणी द्यायला, रस्त्यावर उभं राहायला किंवा पेसर म्हणून (ठरलेल्या वेगाने पळून बाकीच्यांना सोबत न्यायला) जाणार असेल तर त्यांचीही नावं याच कागदावर घ्यायची, वेगळी ठेवली की हमखास राहून जातात. हा कागद जपून ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता टायमिंग. इथे मात्र डोळ्यात तेल घालून बघायचं. फिनिश लाईनवरच्या घड्याळासोबत काढलेला फोटो हा पुरावा धरायचा नाही, कारण ते घड्याळ रेस सुटल्या क्षणापासून चालू असतं आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला मोठ्या रेसमध्ये स्टार्ट लाईनपर्यंत पोचायलाच कितीतरी मिनिटं जातात. बिबला किंवा बुटाला लावलेली चिप स्टार्टला जमिनीवर अंथरलेल्या मॅटवरून गेल्यापासून जो वेळ मोजते तो चिप टाईम आणि आपण बातम्यांमध्ये सगळ्यांचा तोच द्यायचा, एकाचा हा आणि दुसऱ्याचा तो असं कधीही नाही. बक्षिसाचे नंबर मात्र बऱ्याच रेसमध्ये गन टाईमवर, म्हणजे रेस सुटल्या क्षणापासूनच्या वेळेवर काढतात, म्हणून कोणी पोडियमवर आलं असेल तर गोंधळ होऊ नये म्हणून दोन्ही वेळा द्यायच्या. रविवारी दुपारी जो रिझल्ट दिसतो तो कच्चा असतो, सोमवारी संध्याकाळी परत उघडून बघायचा. कोणाचा मॅट चुकला असेल, टाईमच आला नसेल तर त्यांना आयोजकांकडे तक्रार टाकायला सांगायचं आणि बातमीत नाव लिहून पुढे 'टायमिंग यायचंय' एवढंच लिहायचं. अंदाजाने आकडा टाकायचा नाही, मनगटावरच्या जीपीएस घड्याळातला तर अजिबात नाही.

घड्याळाचं जरा सविस्तर सांगते कारण यावरून दर महिन्याला कोणीतरी नाराज होतं. हाफ म्हणजे २१.०९७५ किमी आणि फुल म्हणजे ४२.१९५ किमी. घड्याळ म्हणतं २१.४ झाले, मग माणूस म्हणतो माझे २१.१ तर दोन मिनिटं आधीच पूर्ण झालेले, तोच माझा पीबी, म्हणजे पर्सनल बेस्ट. त्याचं मन मोडवत नाही पण लिहायचं नाही. कोर्स, म्हणजे रेसचा रस्ता, मोजतात तो पळणाऱ्याला जो सगळ्यात जवळचा मार्ग घेता येईल त्या रेषेवरून, चाकाला काउंटर लावलेल्या सायकलने, आणि कुठे चुकून कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जादाच धरतात, म्हणजे फुलला साधारण ४२ मीटर. आपण वळणावर बाहेरून जातो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, पुढच्याला ओलांडायला बाजूने जातो, त्यात जीपीएसची स्वतःची चूक वेगळी. त्यामुळे नीट मोजलेल्या कोर्सवरही घड्याळ जास्तच दाखवतं, त्यात आयोजकांचा काही दोष नाही. अजून एक बारीक गोष्ट, रोड रेसच्या नियमाप्रमाणे सेकंदाचा उरलेला तुकडा पुढच्या पूर्ण सेकंदात धरतात, म्हणजे ५९ मिनिटं ५९.४ सेकंदांना १० किमी झाले तर लागतो तो पूर्ण एक तास. आमच्यातल्या एका काकांना 'एका तासाच्या आत' असं लिहून हवं होतं आणि ते नियमाने होत नव्हतं, मी त्यांना फोन करून आधी समजावलं, मग लिहिलं. बातमीत अचानक वाचण्यापेक्षा आधी फोन आलेला बरा वाटतो माणसाला.

आकडा बरोबर आहे की नाही हे बघायला पेसचं, म्हणजे एका किमीला किती मिनिटं लागली त्याचं, गणित करून घ्यायची सवय लावा. ५ मिनिटं पर किमीने हाफ १ तास ४५ मिनिटं २९ सेकंदांत होते आणि फुल ३ तास ३० मिनिटं ५८ सेकंदांच्या आसपास. दोन तासांची हाफ आणि चार तासांची फुल, दोन्हीचा पेस ५:४१. एवढे तीन-चार आकडे पाठ असले की चुकीचा आकडा लगेच खटकतो, नेहमी ७ च्या पेसने पळणाऱ्या माणसापुढे ३:२० च्या आसपास दिसला की समजायचं १० किमीचा टाईम हाफपुढे लागलाय, आणि ४:५० दिसला तर बहुतेक त्याच्या बिबवर दुसरंच कोणी पळालंय.

हा दुसरा प्रकार घडला तर बातमीत घ्यायचं नाही, कितीही जवळचा मित्र असला तरी. बिबच्या मागे इमर्जन्सीचा फोन आणि तब्येतीची माहिती लिहायला जागा असते, रस्त्यात काही झालं तर डॉक्टर तेच वाचणार आणि फोन भलत्याच घरी जाणार. शिवाय बाईच्या बिबवर पुरुष पळाला की एखाद्या बाईचा खरा नंबर मागे जातो. मला हे फार लागतं, म्हणून यात सूट दिली नाही आणि पुढच्यांनीही देऊ नये असं वाटतं.

पीबी लिहायच्या आधी आपल्या यादीतला जुना टाईम काढून बघायचा, कारण लोकांना स्वतःचे टाईम आठवत नाहीत, खरंच आठवत नाहीत. डोंगरातल्या ट्रेल रनला पीबी हा शब्दच लावायचा नाही, तिथे फार तर त्याच रेसचा गेल्या वर्षीचा टाईम द्यायचा. वयाचा गट रेसच्या दिवशीच्या वयावरून बघायचा. आणि अधूनमधून, दर आठवड्याला नको, एज ग्रेडिंग काढून बघा. त्या वयाच्या आणि लिंगाच्या धावपटूसाठी जो प्रमाण वेळ ठरलेला आहे त्याला आपल्या वेळेने भागायचं, जे येतं ते टक्क्यांत लिहायचं. मग कळतं की साठी ओलांडलेल्या काकू तिशीतल्या पोरांच्या कितीतरी पुढे आहेत, आणि ते पोरांनाही वाचायला आवडतं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. हे काम नवीन असताना एका हाफच्या बातमीत मी पहिल्या पाच-सहा जणांची नावं टायमिंगसकट लिहिली आणि पुढे लिहिलं, 'इतर सात जणांनीही रेस पूर्ण केली'. त्या सातांमध्ये आपल्या एक ताई होत्या, आयुष्यातली पहिली हाफ, ३ तास २० मिनिटं, कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची मुदत, जेमतेम सांभाळून आलेल्या, आणि त्यासाठी त्या पाच महिने पहाटे उठत होत्या हे मला माहीत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे तीन रविवार लाँग रनला आल्या नाहीत तेव्हा मी फोन केला, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "अगं काही नाही, घरी सगळ्यांना दाखवायला म्हणून उघडलं तर माझं नावच नव्हतं." मला त्या रात्री झोप लागली नाही. केनियाचा धावपटू केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत मॅरेथॉन मारली ते साऱ्या जगाने छापलं. ताईंचे ३ तास २० मिनिटं छापायला आपल्याशिवाय जगात कोणी नाही. तेव्हापासून 'इतर' हा शब्द आपल्या बातम्यांत येत नाही आणि रिझल्ट मी खालून वर लिहायला घेते, शेवटच्या माणसापासून, म्हणजे लिहून लिहून कंटाळा आला तरी जे राहतील ते पुढचे असतील, आणि पुढच्यांची आठवण कोणीतरी करून देतंच.

ज्यांनी रेस अर्धवट सोडली त्यांना आधी विचारायचं. लिहू का, कसं लिहू. बहुतेक जण हो म्हणतात, आणि लिहावंच असं माझं मत आहे, कारण पोटरी धरल्यावर २८ व्या किमीला थांबणं हा विचार करून घेतलेला निर्णय असतो आणि नवीन मुलांना तो वाचायला मिळाला पाहिजे. नको म्हणाले तर विषय संपला. दुखापत, ऑपरेशन, प्रेग्नन्सी यातलं काहीही त्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय नाही, ग्रुपवर सगळ्यांना माहीत असलं तरी नाही.

व्हॉलंटियर्सची नावं रिझल्टच्या आधी टाकायची. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात पार्करन, म्हणजे दर शनिवारी सकाळी होणारी ५ किमीची फुकट रन, सुरू झालं तेव्हा पळणारे १३ जण होते आणि फिनिशला नंबराचं टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले होते, टाईम कागदावर लिहून घेतलेले. तो कागद घेऊन कोणीतरी न पळता उभं होतं म्हणून ती सकाळ आज माहीत आहे. आपल्याकडे पाण्याच्या टेबलावर उभे राहणारे आणि सगळ्यात शेवटी स्वीप म्हणून चालत येणारे, यांचं नाव चुकलं की मला टायमिंग चुकल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

येणाऱ्या रेसची माहिती फॉरवर्डवरून उचलायची नाही. तारीख, सुटायची वेळ, रजिस्ट्रेशन बंद कधी, बिब कलेक्शन कुठे, कट-ऑफ किती, हे सगळं आयोजकांच्या माहितीतून स्वतः वाचून लिहायचं.

आठवड्याचं ट्रेनिंग कोचकडून मंगळवारपर्यंत लेखी घ्या, तोंडी सांगितलेलं लक्षात राहत नाही. भेटायची जागा, वेळ, किती किमी, पाणी कुठे मिळेल, आणि पेसचे गट आकड्यात. 'स्लो ग्रुप' असं लिहायचं नाही, '७:३० ते ८:०० चा गट, सोबत अमुक' असं लिहायचं, म्हणजे नव्याने येणारी व्यक्ती बिचकत नाही आणि एकटी मागे राहणार नाही हे तिला आधीच कळतं. उन्हाळ्यात वेळ बदलली असेल तर ती सगळ्यात वर, ठळक. खरं तर पुढच्या रनची वेळ आणि जागा कायमच सगळ्यात वर ठेवा, बरेच जण तेवढ्यासाठीच उघडतात आणि मग उघडलंय म्हणून पुढचं वाचतात.

फोटो दोन-तीन पुरे, त्यातला एक तरी मागच्या पळणाऱ्यांचा. लहान मुलांचा आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही. घड्याळातला रूटचा मॅप टाकायचा असेल तर सुरुवात कुठून झालीय बघा, पुष्कळ जण घराच्या दारातून घड्याळ सुरू करतात, तसा मॅप टाकला म्हणजे रोज पहाटे कोण कुठून एकटं निघतं ते सगळ्यांना सांगणं झालं.

लिहून झालं की मोठ्याने वाचायचं, मग क्लबमधल्या एकाला वाचायला द्यायचं, शक्यतो जो या रविवारी पळालेला नाही त्याला, कारण पळालेला माणूस आधी स्वतःचंच टायमिंग शोधतो. मागच्या आठवड्यात काही चुकलं असेल तर ती दुरुस्ती खाली कोपऱ्यात ढकलायची नाही, वर घ्यायची, नाव घेऊन.

आणि पाठवायच्या आधी तो गुरुवारचा कागद परत काढायचा. त्यावरची नावं मोजायची. मग बातमीतली मोजायची, पूर्ण केलेले, टायमिंग यायचं असलेले, पाणी देणारे, पेसर. त्यात गेलेच नाहीत ते, अर्धवट सोडलेले आणि नाव नको म्हणालेले मिळवायचे. दोन्ही आकडे जुळले की बुधवारी रात्री नऊला पाठवायचं, जुळले नाहीत तर कोण राहिलंय ते सापडेपर्यंत थांबायचं, मग दहा वाजले तरी चालतील.