बहुराष्ट्रीय कंपनीचे श्रमिकांविषयीचे दावे कसे तपासावेत

विकसनशील देशांतील कारखान्यांकडून माल तयार करून घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने आज आपल्या पुरवठादारांसाठी आचारसंहिता लिहिलेली आहे. बालमजुरी नको, सक्तीची मजुरी नको, भेदभाव नको, इमारत सुरक्षित हवी ही कलमे सगळ्यांकडे सारखीच असल्यामुळे संहिता वाचून एक कंपनी दुसरीपेक्षा बरी आहे की वाईट, हे ठरवता येत नाही. ते ठरवायचे असेल, तर कंपनी ऑर्डर कशी देते, दर कसा ठरवते आणि दिलेला शब्द तिने मोडला तर तिला जाब विचारण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहावे लागते. विद्यार्थी, पत्रकार, गुंतवणूकदार किंवा ग्राहक यांपैकी कोणालाही सार्वजनिक कागदपत्रांच्या आधारे ही तपासणी करता यावी, या बेताने पुढील मांडणी केली आहे.

आधी मोजपट्टी ठरवा

‘आम्ही स्थानिक कायदा पाळतो’ हे कंपन्यांचे सर्वांत आवडते उत्तर असते आणि ते बहुधा खरेही असते. मात्र जिथे कायदाच दुबळा आहे किंवा कारखाना निरीक्षकांची संख्या नगण्य आहे, तिथे या उत्तराने फारसे काही सिद्ध होत नाही. म्हणून मोजपट्टी देशाबाहेरची घ्यावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ च्या जाहीरनाम्यात चार मूलभूत तत्त्वे सांगितली: संघटना बांधण्याचे व सामूहिक वाटाघाटींचे स्वातंत्र्य, सक्तीच्या मजुरीचे उच्चाटन, बालमजुरीचे उच्चाटन आणि भेदभावाला बंदी. सुरक्षित व आरोग्यपूर्ण कार्यस्थळ हे पाचवे तत्त्व २०२२ मध्ये त्यांत आले. या पाचांत पोटापुरत्या वेतनाचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ‘आम्ही सर्व मूलभूत तत्त्वे पाळतो’ असे म्हणणारी कंपनी वेतनाविषयी काहीच सांगत नसते.

दुसरा आधार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केलेल्या या तत्त्वांनुसार हक्कांचे संरक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, हक्कांचा आदर राखणे ही कंपनीची स्वतंत्र जबाबदारी आहे आणि हानी झाल्यास पीडितांना दाद मिळाली पाहिजे. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द कळीचा आहे, कारण सरकार आपले कर्तव्य पार पाडत नसले तरी कंपनीची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, आणि कारखाना तिच्या मालकीचा नसला तरी व्यावसायिक संबंधांतून जोडलेल्या हानीची दखल तिला घ्यावीच लागते.

येथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, तो असा की निर्यातीच्या कारखान्यातील नोकरी ही त्या भागातील इतर कामांपेक्षा बरीच असते. अनेक ठिकाणी हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नोकरी असावी की नसावी, हा आपल्या तपासणीचा विषयच नाही. त्या नोकरीतून निर्माण होणाऱ्या मूल्याचा किती वाटा आणि किती धोका कामगाराच्या पदरी पडतो, हे आपल्याला पाहायचे आहे.

माल कुठे तयार होतो ते शोधा

नायकी कंपनीवर १९९० च्या दशकात टीकेची झोड उठली, तेव्हा सुरुवातीला कारखाने आपल्या मालकीचे नाहीत, असा बचाव करण्यात आला. १९९८ मध्ये कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांनी वॉशिंग्टनमधील जाहीर भाषणात मान्य केले की, आपल्या मालाचे नाव गुलामीच्या वेतनाशी आणि सक्तीच्या जादा कामाशी जोडले गेले आहे. २००५ मध्ये कंपनीने सातशेहून अधिक पुरवठादार कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली. अशी यादी दिली तर प्रतिस्पर्ध्यांना व्यापारी गुपिते कळतील, ही भीती त्यानंतर पोकळ ठरली. त्यामुळे आज जी मोठी कंपनी यादी देत नाही, तिच्याविषयी तपासणीत तिथेच एक प्रतिकूल नोंद करावी.

यादी मिळाली तर ती किती खोल जाते ते पाहावे. बहुतेक याद्या शिलाई किंवा जुळणी करणाऱ्या शेवटच्या कारखान्यापाशी थांबतात. सूतगिरणी, रंगाई, चामडे कमावणे, खाणकाम हे मागचे टप्पे आणि घाईच्या वेळी परस्पर दिलेली उपकंत्राटे त्यांत दिसत नाहीत, आणि सर्वांत वाईट परिस्थिती बहुधा तिथेच असते.

ऑडिटचा अहवाल संशयाने वाचा

ऑडिट म्हणजे येथे हिशेबांची नव्हे, तर कारखान्यातील कामाच्या परिस्थितीची तपासणी. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कापड कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आग खंडणीसाठी लावण्यात आली होती, असे पुढे तेथील न्यायालयात ठरले. परंतु खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते, म्हणून माणसे आत अडकली. याच कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधी एसए ८००० हे सामाजिक मानकाचे प्रमाणपत्र मिळाले होते. ढाक्याजवळील साभार येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून ११३४ माणसे मेली, तेव्हाही त्यातील काही कारखान्यांचे ऑडिट झालेले होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसताच खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले.

अशा ऑडिटमध्ये काय तपासले जाते आणि काय सुटते, हे समजून घेतले की या घटनांचे आश्चर्य वाटत नाही. तपासनीस एक-दोन दिवस येतो, त्याचे शुल्क अनेकदा कारखानाच भरतो, भेटीची तारीख पुष्कळदा आधी कळवलेली असते, आणि हजेरीपट व पगारपत्रक यांच्या दोन-दोन प्रती ठेवण्याची कला सर्वत्र अवगत आहे. कामगारांची मुलाखत कारखान्याच्या आवारात, पर्यवेक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात होत असेल, तर ते काय सांगणार? म्हणून कंपनीच्या अहवालात ‘९५ टक्के कारखान्यांचे ऑडिट पूर्ण’ अशा प्रकारचे वाक्य दिसले, तर त्याकडे फारसे लक्ष न देता पुढील गोष्टी शोधाव्यात: कोणत्या त्रुटी सापडल्या, त्या दुरुस्त करण्याचा खर्च कोणी केला, किती काळात केला, आणि संपूर्ण अहवाल कामगारांना किंवा जनतेला पाहता येतो का. त्रुटी सांगणारा अहवाल निष्कलंक अहवालापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावा.

खरेदीची पद्धत तपासा

माझ्या मते संपूर्ण तपासणीत सर्वाधिक वेळ इथे द्यावा, आणि नेमके याच विषयावर कंपन्यांचे अहवाल सर्वांत कमी बोलतात. कंपनीचा नीतिविभाग कारखान्याला जादा काम कमी करा असे सांगतो आणि तिचाच खरेदीविभाग तीन आठवडे उशिरा नमुना मंजूर करून माल पाठवण्याची तारीख मात्र तीच ठेवतो. मग कारखानदारासमोर तीन वाटा उरतात: रात्रपाळी लावणे, काम परस्पर उपकंत्राटाने देणे किंवा विमानाने माल पाठवून नुकसान सोसणे. पहिल्या दोन वाटांचा भार कामगारावर पडतो. दराचेही तसेच आहे. दर वर्षी प्रतिनग किंमत थोडी खाली आणण्याचा आग्रह धरणाऱ्या खरेदीदारापुढे कारखानदाराला कापूस, वीज आणि वाहतूक यांच्या किमती कमी करता येत नाहीत; त्याच्या हाती कपात करण्याजोगी एकच बाब उरते, ती म्हणजे मजुरी.

२०२० च्या वसंतात हे सारे उघड्यावर आले. कापड उद्योगातील प्रचलित रीतीनुसार कच्चा माल पुरवठादार स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने घेतो आणि त्याला पैसे माल रवाना झाल्यावर, अनेकदा त्याहूनही उशिरा मिळतात. महासाथीत दुकाने बंद होताच अनेक ब्रँडांनी ऑर्डरी रद्द केल्या, त्यांत शिवून तयार झालेला मालही होता. एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेच्या ऑर्डरी रद्द किंवा स्थगित झाल्याचे तेथील निर्यातदार संघटनेने जाहीर केले. पुढे दबाव वाढल्यावर बऱ्याच कंपन्यांनी पैसे दिले. म्हणून एखाद्या ब्रँडची तपासणी करताना त्या वर्षी त्याने काय केले, ही नोंद आवर्जून शोधावी. संकटात करार कसा वागवला यावरून सुबत्तेतील आश्वासनांची किंमत कळते.

वेतनाची आकडेवारी वाचताना ‘किमान वेतन’ आणि ‘जीवनवेतन’ यांत गल्लत होऊ देऊ नये. जीवनवेतन म्हणजे नियमित तासांच्या कामावर कुटुंबाचे अन्न, घर, आरोग्य, शिक्षण आणि थोडी शिल्लक भागेल इतकी रक्कम. बांगलादेशात वस्त्रोद्योगाचे मासिक किमान वेतन डिसेंबर २०१३ पासून ५३०० टका, डिसेंबर २०१८ पासून ८००० टका आणि डिसेंबर २०२३ पासून १२,५०० टका असे ठरले. शेवटच्या वेळी कामगार संघटनांची मागणी २३,००० टक्यांची होती. दोन निर्णयांच्या मधल्या पाच वर्षांत महागाई चालूच राहते, त्यामुळे कायदेशीर वेतन देणारा कारखानाही प्रत्यक्षात दर महिन्याला कमी देत जातो. कंपनी जीवनवेतनाचे नाव घेत असेल, तर तिने त्याचा आकडा कोणत्या देशासाठी किती धरला आहे, तो गाठण्याची मुदत कोणती, आणि खरेदीदरात मजुरीचा भाग वेगळा काढून तो घासाघिशीच्या बाहेर ठेवला आहे का, हे विचारावे.

स्थलांतरित कामगारांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न जोडावा: नोकरी मिळवण्यासाठी दलालाला पैसे कोणी दिले? कर्ज काढून परदेशी कारखान्यात आलेला कामगार ते फिटेपर्यंत नोकरी सोडू शकत नाही, आणि त्यात पारपत्र मालकाने ठेवून घेतले असेल तर कागदावर स्वेच्छेची दिसणारी नोकरी प्रत्यक्षात सक्तीची ठरते.

बंधनकारक करार आहे का?

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये झालेला बांगलादेशातील अग्नी व इमारत सुरक्षा करार, म्हणजेच ‘अकॉर्ड’, शब्द मोडणाऱ्या कंपनीला जाब विचारता येतो, याचे उदाहरण म्हणून अभ्यासावा. दोनशेहून अधिक ब्रँडांनी जागतिक व स्थानिक कामगार संघटनांशी तो केला. स्वतंत्र अभियंत्यांकडून तपासणी, अहवाल जाहीर करणे, दुरुस्तीचा खर्च भागेल अशी व्यवस्था, धोकादायक जागी काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क आणि कराराचा भंग झाल्यास लवाद, अशी त्याची रचना होती. लवाद नुसता कागदोपत्री राहिला नाही: हेग येथे दाखल झालेल्या एका प्रकरणात, जानेवारी २०१८ मध्ये, एका ब्रँडने मुख्यतः कारखान्यांतील दुरुस्त्यांसाठी २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच काळात काही अमेरिकी कंपन्यांनी कामगार संघटनांना पक्षकार न करता स्वतंत्र आघाडी उभारली. दोन्ही उपक्रमांनी दुरुस्त्या घडवल्या, तरी जाब विचारण्याचा हक्क संघटनांना पहिल्यातच मिळाला.

आफ्रिकेतील लेसोथोमध्ये २०१९ साली आणि तमिळनाडूतील दिंडिगुल येथे २०२२ साली महिला कामगारांच्या लैंगिक छळाविरुद्ध असेच अंमलबजावणीयोग्य करार झाले. कारखान्याने अटी पाळल्या नाहीत तर ऑर्डरींवर परिणाम होईल, हे ब्रँडांनी त्यात मान्य केले आहे. असा एकही करार नसलेल्या कंपनीची संहिता कितीही सुंदर असली, तरी तिच्या पालनाचा न्यायाधीश ती कंपनीच असते.

कायद्याचा आधार पाहा

येथे फार वेळ लागत नाही. कंपनीचे मुख्यालय कुठे आहे आणि ती कुठे व्यवसाय करते यावरून तिला कोणता कायदा लागू होतो हे कळते. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना दक्षता आराखडा, म्हणजे हक्कांना असलेले धोके ओळखून ते टाळण्याची योजना, जाहीर करावा लागतो आणि त्यात कसूर झाल्यास न्यायालयात दावा करता येतो. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ मध्ये ३००० कर्मचाऱ्यांच्या आणि २०२४ पासून १००० कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना लागू झाला. ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा मात्र ३ कोटी ६० लाख पौंडांहून कमी उलाढाल नसलेल्या कंपन्यांकडून केवळ निवेदन मागतो, आणि ‘आम्ही कोणतेही पाऊल उचलले नाही’ असे निवेदन दिले तरी त्याची पूर्तता होते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कंपन्यांच्या अशाच दक्षतेविषयी व्यापक निर्देश संमत केला, पण त्याची अंमलबजावणी पुढच्याच वर्षी लांबणीवर टाकण्यात आली.

निष्कर्षाचे काय करावे

तपासणीतून गंभीर गोष्ट हाती लागली की बहिष्काराची हाक देण्याचा मोह होतो. तो आवरावा. अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. ते कधी संमतही झाले नाही, पण त्याच्या धास्तीनेच बांगलादेशातील कापड कारखान्यांनी अंदाजे ५० हजार मुलांना कामावरून काढले. त्यांतील अनेक जण शाळेत जाण्याऐवजी अधिक धोकादायक आणि कमी पैशाच्या कामांत गेल्याचे युनिसेफने नोंदवले. १९९५ मध्ये उद्योजक संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार होऊन मुलांसाठी शाळा व भत्त्याची सोय झाली. ती आधी झाली असती तर ही मुले वाऱ्यावर सुटली नसती.

त्याऐवजी प्रथम कंपनीला नेमक्या कारखान्याविषयी, नेमक्या तारखांचा उल्लेख करून लेखी प्रश्न पाठवावा आणि उत्तरासाठी मुदत द्यावी. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना मान्य करणाऱ्या पन्नासहून अधिक देशांत राष्ट्रीय संपर्क केंद्रे आहेत; त्यांच्याकडे संघटना किंवा व्यक्ती तक्रार करू शकते. हे केंद्र मध्यस्थी करते, दंड करू शकत नाही, तरी त्याचे जाहीर निवेदन पुढे उपयोगी पडते. न्यायालयाचा मार्ग निवडायचा असेल तर मुदतीचे भान हवे: कराचीच्या आगीतील पीडितांचा जर्मन खरेदीदाराविरुद्धचा दावा २०१९ मध्ये डॉर्टमुंडच्या न्यायालयाने मुदतबाह्य म्हणून फेटाळला.

आणि कारखान्याचे नाव प्रसिद्ध करण्याआधी तेथील कामगार संघटनेला, संघटना नसेल तर त्या भागात काम करणाऱ्या श्रमिक गटाला विचारावे. नाव बाहेर आल्यावर ब्रँड ऑर्डर काढून घेऊन निघून जाऊ शकतो, आणि मग थकलेला पगार व नोकरी सुटल्याची देणीही बुडतात. ब्रँडने तिथेच राहून दुरुस्तीचा खर्च उचलावा, अशी मागणी कामगारांची असेल, तर तीच आपल्या अहवालाचीही पहिली मागणी असावी. तक्रार सांगणाऱ्याचे नाव, पाळी, विभाग आणि छायाचित्र यांपैकी कोणतीही खूण मजकुरात उरली नाही, याची खात्री करूनच तो प्रसिद्ध करावा.