हलगी शेकताना

आम्ही दोघे मित्र कोल्हापुरात राहून इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. ध्वनीची बाजू माझ्याकडे आहे आणि मुखपृष्ठ, पडद्यावरची चित्रे व रंगमंचाची मांडणी चित्रकला शिकलेल्या मित्राकडे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो, की गाणे पूर्ण झाल्यावर त्यासाठी चित्र शोधायला निघू नका. पॅरिसच्या डाफ्ट पंक या संगीतकार जोडीची यंत्रमानवासारखी शिरस्त्राणे जगभर लक्षात राहिली, कारण माणसाचा आवाज यंत्रातून गाळून घेण्याचा त्यांचा ध्यासच त्यांत दिसत होता. इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर आपले संगीत वाजवणेही नवे नाही; 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या टीबी-303 (खर्जाचे सूर काढणारे यंत्र) आणि टीआर-808 (तालयंत्र) यांच्या साथीने राग वाजवले होते.

आमचे मूळ वाद्य हलगी. खासबाग मैदानातल्या कुस्त्यांमुळे ती लहानपणापासून कानांत आहे. परंतु खोलीत ध्वनिमुद्रण करताना शेकून ताणलेले कातडे थंड होत गेले, तसा तिचा आवाज उतरत गेला आणि दुपारचे तुकडे सकाळच्या तुकड्यांशी जुळेनात. तेव्हापासून आम्ही दर दोन-तीन तुकड्यांनंतर थांबतो आणि वादक हलगी पुन्हा शेकून घेतात. संगणकावर प्रत्येक ठोका मोजून नेमक्या जागी बसवता येतो आणि नवख्याला तो मोह आवरत नाही. पण वादक काही ठोके किंचित मागे ठेवतात, त्यातच हलगीची ऐट आहे, म्हणून आम्ही हलगीला हात न लावता सिंथेसायझरचा बास, म्हणजे खर्जातले सूर, तिच्या चालीने सरकवतो. शेकून काळवंडलेल्या कातड्यावरचे डाग मित्राने जवळून टिपले आणि त्याच आकारांतून आमच्या नावाची अक्षरे घडवली.

पहिल्या जाहीर कार्यक्रमात मात्र माझ्या चुकीने हलगीच हरवली. हेडफोनवर मुद्रित हलगी भरदार आणि पसरलेली वाटावी म्हणून मी एका बाजूची ध्वनिलहर उलटी केली होती. सभागृहातील यंत्रणा मोनो होती, म्हणजे डावा आणि उजवा आवाज मिसळून एकच करणारी. दोन्ही बाजू एकत्र येताच लहरींनी एकमेकींना खोडून काढले. पडद्यावर हलगीची चित्रे हलत होती आणि समोर बसलेल्या वादकांना स्वतःचा हात ऐकू येत नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मी विसरलेलो नाही. मिश्रण, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याचे काम, संपवण्यापूर्वी ते मोनोमध्ये आणि मोबाइलच्या साध्या स्पीकरवर ऐकाच.

त्यानंतरच्या प्रत्येक मुखपृष्ठावर हलगीवादकांचे नाव आमच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत असते, आणि त्यांचे मानधन ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच दिले जाते.