सोलापुरात घराभोवतीची बाग आखताना: आधी पाण्याची वाट, मग झाडे

जागेचे माप घेऊन कागदावर नकाशा काढावा आणि त्यात दारे, खिडक्या, पाण्याची टाकी, बोअर व सांडपाण्याची वाहिनी दाखवावी. पश्चिमेची बाजू मोठ्या झाडांसाठी राखावी, कारण पारा ४२ अंशांपुढे गेल्यावर घर तापते ते दुपारनंतरच्या उन्हाने.

खरी मेख त्यानंतर आहे. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि एकदा ओली झाल्यावर तिच्यात पाणी फार सावकाश मुरते. म्हणूनच ‘तीन फूट खोल खड्डा घ्या आणि शेणखत व लाल मातीने भरा’ हा सर्रास मिळणारा सल्ला मला मुळीच मान्य नाही. अशा भुसभुशीत खड्ड्यात भोवतालचे पाणी येऊन साचते, बाहेर पडत नाही, आणि सप्टेंबरच्या पावसात डाळिंब व मोगरा मुळाशी कुजू लागतात. पाने पिवळी पडलेली पाहून मालक आणखी पाणी घालतो, ते वेगळेच.

झाडे ठरवण्यापूर्वी दीड फूट खोल खड्डा पाण्याने भरावा आणि ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही उभे असेल, तर तेथे खड्ड्याचा नाद सोडून जमिनीच्या वर एक फूट उंचीचा वाफा करावा आणि त्याच्या उताराकडील कडेला पाण्यासाठी वाट ठेवावी. त्यात भरायच्या मातीत कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. चार पाट्या वाळू टाकून काळी माती मोकळी होते, हा निव्वळ गैरसमज आहे. घरापासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना किमान अडीच इंच उतार हवा, आणि तो नजरेने न ठरवता गवंड्याच्या लेव्हल पाइपनेच (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासावा. पाया आणि वाफा यांच्यामध्ये तीन फूट मोकळी जागा सोडावी.

त्यानंतर फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) वाफे आणि पायवाटा आखाव्यात. वाटांवर मुरूम पुरेसा आहे. वड, पिंपळ आणि उंबर अंगणात लावू नयेत. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हिरवळीचा हट्ट धरण्यापेक्षा बोगनवेल, कण्हेर, सीताफळ आणि कढीपत्ता यांना जागा द्यावी. ही कमी पाण्यावर तगणारी झाडे मोगरा व भाजीच्या वाफ्यांपासून वेगळी ठेवून दोन्हींच्या ठिबक नळ्यांना स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवावेत.