गोव्यात नव्याने आलेल्यांसाठी: ताकदवान स्कूटरचा बेल्ट निवडताना

सांगली सोडून पर्वरीत स्थायिक होऊन मला आता अठरा वर्षे झाली. नोकरीनिमित्त नव्याने येणारी आपली मंडळी घर लागले की पहिल्याच महिन्यात स्कूटर घेतात, कारण रात्रीच्या बसच्या भरवशावर येथे राहता येत नाही. अलीकडे अनेकजण थेट दीडशे सीसीच्या पुढची स्कूटर घेतात आणि वर्षभराने विचारतात की बेल्ट कुठल्या कंपनीचा टाकावा. माझे सांगणे एवढेच असते की आधी पुली उघडून पाहा, बेल्टचे नंतर ठरवू.

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिनची सगळी ताकद एका दातेरी रबरी बेल्टवरून मागच्या चाकाकडे जाते. वेग वाढला की पुढच्या पुलीतील रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो; मागच्या पुलीत तो त्याच वेळी खाली उतरतो. आतील दाते बेल्टला वळायला आणि थंड राहायला मदत करतात, पण ओढ घेतात त्या बेल्टच्या दोन तिरक्या कडा. म्हणून झीज होते ती रुंदीची. बर्फावर धावणाऱ्या शंभर अश्वशक्तीहून मोठ्या स्नोमोबाइलमध्येही हीच रचना असते आणि तिथेही बेल्टचा पहिला शत्रू उष्णताच असते.

ही उष्णता गोव्यात कुठून येते, ते लक्षात घ्या. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना मज्जाव असल्यामुळे पर्वरीहून पणजीला जाताना आपल्याला जुन्या पुलांवरच्या गर्दीतून सरकावे लागते. अशा अर्धवट वेगात क्लच घसरत राहतो आणि बेल्टची पेटी, म्हणजे बेल्ट आणि पुल्या ज्यात बंद असतात ती जागा, तापते. पणजीतील अल्तिनोच्या चढावर मागे माणूस बसवून, ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरण्याची सवय तर बेल्ट जाळतेच. गाडीचे इंजिन पाण्याने थंड होणारे असले तरी बेल्टची पेटी हवेवरच थंड होते. तिचा वेगळा फोमचा फिल्टर असेल तर चिऱ्यांच्या तांबड्या धुळीने तो गच्च भरतो. तो दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्या.

पावसाळा मात्र सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. येथे जून ते सप्टेंबर गाडी उघड्यावर उभी राहिली की खाऱ्या दमट हवेने पुलीच्या थाळ्यांवर बारीक गंज चढतो. गणेश चवथीनंतर गाडी पुन्हा सुरू केली की तो गंज कानशीसारखा बेल्टच्या कडा खातो. वापरलेली स्कूटर विकत घेत असाल तर झाकण उघडायला सांगा आणि थाळीवरून बोट फिरवा. खरखर लागली किंवा बेल्ट बसायच्या जागी खाच जाणवली, तर कितीही महागडा बेल्ट घातला तरी तो टिकणार नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. एका दुकानातून आणलेला जाड, कडक दिसणारा बेल्ट मी गंजलेल्या पुलीवर तसाच बसवून घेतला आणि बेळगावला निघालो. चोर्ला घाटात इंजिनचा आवाज एकदम चढला आणि गाडी मात्र जागेवर थांबली. झाकण काढले तेव्हा बेल्टच्या आतले दोरे सुटून क्लचच्या वाटीभोवती सुतासारखे गुंडाळलेले होते आणि रबराचा काळा भुगा सगळीकडे पसरला होता. पावसात दोन तास थांबावे लागले.

बेल्ट निवडताना गाडीच्या मॉडेलसाठीचाच कंपनीचा बेल्ट घ्यावा, असे माझे मत आहे. बाहेरचा घेतलाच तर त्यावरील आकडे जुळवून पाहा. 743, 20, 30 असे छापले असेल तर लांबी 743 मिलिमीटर, रुंदी 20 मिलिमीटर आणि कडांचा कोन 30 अंश. कोन चुकला तर बेल्ट कडेवर पूर्ण टेकत नाही. ॲरामिड, म्हणजे आपण केव्हलार म्हणतो त्या दोऱ्याचा बेल्ट ताणाला चांगला टिकतो, परंतु गंजलेली पुली तो सुधारू शकत नाही. दुकानात घडी घालून किंवा उन्हात टांगून ठेवलेला बेल्ट घेऊ नका.

बसवताना तेथे उभे राहा. पुली ग्रीस न लावता सॉल्व्हंटने पुसलेली असावी, बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने असावा आणि रोलर एका बाजूने चपटे झाले असतील तर तेही बदलावेत. मागची पुली दाबून उघडून बेल्ट तिच्यात खोल बसवल्यावरच पुढचा नट आवळायला हवा. बेल्ट थाळ्यांच्या मध्ये चिमटला गेला तर नट घट्ट वाटतो आणि पुढे सैल होतो. मेकॅनिक घाईत असेल तर "बाब, बेल्ट आधी मागे ढिला सोड" एवढे सांगायला संकोच करू नका. पहिले शंभर किलोमीटर गाडी हळू चालवा.

पुस्तिकेत बदलण्याचे किलोमीटर दिलेले असतात, पण चढ, गर्दी आणि दमट हवा असलेल्या येथल्या रस्त्यांवर मी त्याआधीच व्हर्नियरने रुंदी मोजून घेतो. पुस्तिकेतील मर्यादा गाठायला अर्धा मिलिमीटर उरला की बेल्ट बदलतो, आणि हे काम मेअखेर, पहिला पाऊस पडण्यापूर्वी उरकतो.