सासऱ्यांना कॉलेजची आइस हॉकी दाखवायची तर

हिवाळ्यात भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की इथे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना एकच चिंता, यांना न्यायचं कुठे? बागा बर्फाखाली, आणि मॉलमध्ये तिसऱ्यांदा कोण जाणार! माझं ऐकाल तर शेजारच्या ट्रॉय गावाला जा, कॉलेजची आइस हॉकी दाखवा. मी अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना नेलं होतं. अण्णा कराडकडचे, जन्मभर शाळेत पीटीचे सर, अंगात कबड्डी मुरलेली. पहिल्या खेपेला मी केलेल्या चुका तुम्ही करू नका, म्हणून हे लिहितेय.

आधी घरी, चहाच्या वेळी, एक गोष्ट नीट समजावून सांगा. ती कळली नाही तर म्हाताऱ्यांना नुसती धक्काबुक्की दिसते.

इथल्या कॉलेजांचे खेळ एनसीएए ही देशभरातल्या कॉलेजांची संघटना चालवते. १९७३ मध्ये तिने कॉलेजांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात मोठाली विद्यापीठं, खेळाडूंना शिष्यवृत्त्या देणारी. तिसऱ्यात बहुतेक छोटी कॉलेजं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. ट्रॉयचं रेन्सलिअर, शेजारच्या स्केनेक्टडीचं युनियन, वर कॅनडाच्या बाजूला क्लार्कसन आणि सेंट लॉरेन्स, ही चारही तिसऱ्या गटातली. पोहणं, धावणं, बास्केटबॉल सगळं तिथेच. हॉकी मात्र पहिल्या गटात! कारण साधं आहे, गट पडायच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी मोठ्यांशी हॉकी खेळत होती. रेन्सलिअरने १९५४ मध्येच मिनेसोटा विद्यापीठाला हरवून विजेतेपद घेतलं होतं, मग पुन्हा १९८५ मध्ये. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स लॅक्रॉसमध्ये, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळतात त्या खेळात, हेच करतं.

अण्णांना मी म्हटलं, "समजा आपल्या तालुक्याचं कॉलेज बाकी सगळ्या खेळांत तालुक्यातच खेळतंय, आणि कबड्डीला मात्र थेट देशातल्या पहिल्या फळीत."

"मग कबड्डीच्या पोरांना शिष्यवृत्ती आणि बाकीच्यांना टाळ्या?" सरांनी बरोबर दुखरी जागा पकडली. २००४ मध्ये नॅशव्हिलला एनसीएएच्या अधिवेशनात यावरच मतदान झालं. अशा आठ कॉलेजांना पहिल्या गटातल्या आपल्या खेळापुरती शिष्यवृत्ती द्यायची जुनी सवलत होती, ती काढून घ्यावी, असा प्रस्ताव होता. तिसऱ्या गटातल्या बाकीच्या कॉलेजांनी ती राहू दिली. रेन्सलिअर त्या आठांत होतं, युनियन नव्हतं. म्हणजे २०१४ मध्ये सव्वादोन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांच्या युनियनने अंतिम सामन्यात मिनेसोटाला ७-४ ने हरवलं, ते खेळाची एकही शिष्यवृत्ती न देता. तरी अण्णांचा प्रश्न मला आजही पटतो. रेन्सलिअरच्या पोहणाऱ्या पोरीने काय घोडं मारलंय?

एक गंमत. रेन्सलिअरला सगळे आरपीआय म्हणतात. अण्णांच्या डोळ्यांपुढे निळा झेंडा आला. इथला लाल आहे, हे आधीच सांगून ठेवा.

सामने साधारण ऑक्टोबर ते मार्च, बहुधा शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी. तारीख निवडताना 'बिग रेड फ्रीकआउट' टाळा. वर्षातून एकदा होणारी ती पोरांची जत्रा, कानठळ्या बसतात. मी नेमकी तीच तिकिटं काढली होती. अण्णांनी दहा मिनिटांत कानाचं यंत्र काढून खिशात घातलं आणि मग म्हणाले, "आता बरं दिसतंय."

कपडे बाहेरच्या थंडीसाठी घालताच, पण ते आत गेल्यावर काढायचे नाहीत. बर्फ आत आहे! पायात दोन मोजे, मांडीवर शाल, कानटोपी हवीच.

जागा मैदानाभोवतीच्या काचेला लागून घेऊ नका. मी हौसेने घेतली. अण्णांना दिसलं काय, तर काचेवर आपटणाऱ्या पाठी. पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, कुठे आहे ते कळेचना. मधल्या सुट्टीत आम्ही वर, बर्फावर आखलेल्या निळ्या रेषेच्या समोर जाऊन बसलो. तिथून सगळं पटांगण हातावर घेतल्यासारखं दिसतं.

नियम सगळे सांगत बसू नका, तीन पुरे. एक, चढाई करताना समोरच्यांच्या बाजूची निळी रेषा पकने आधी ओलांडायची, गड्याने नंतर, नाहीतर ऑफसाइड. दोन, आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावून सुटका करून घेता येत नाही, शिट्टी होते. तीन, चूक केली की गडी दोन मिनिटं बाहेर. हे अण्णांना लगेच उमगलं. "बाद झाला, पण आपोआप जिवंत होतो." बरोबर, आणि त्याच्या संघाने तेवढ्यात गोल खाल्ला तर आधीच जिवंत होतो. दर पाऊण मिनिटाला गडी का बदलतात, हे मात्र त्यांनीच मला सांगितलं. "अगं, दम बघ की त्यांचा. चढाईच आहे ही."

वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. मधल्या सुट्टीत खायला पळू नका, झांबोनी बघा. हे यंत्र बर्फाचा वरचा थर खरवडतं आणि मागे गरम पाणी पसरत जातं. पट्ट्यापट्ट्याने ओलं, चकचकीत होत जाणारं ते बर्फ अण्णा उभे राहून बघत होते. "आमची आई अंगण अशीच सारवायची," म्हणाले, "कडेकडेने सुरुवात, आणि मग मागे सरकत."

गर्दी नको असेल तर मुलींचा सामना निवडा. त्याही पहिल्याच गटात खेळतात. क्लार्कसनच्या मुलींनी तर २०१४, २०१७ आणि २०१८ अशी तीन विजेतेपदं घेतलीत. अण्णांना पुढच्या शनिवारी मुलींच्याच सामन्याला नेलं, त्यांच्याच हट्टाने. कानाचं यंत्र कानातच राहिलं.

आणि डबा गाडीत उघडा ठेवू नका. टॉवेलात गुंडाळा, बरोबर थर्मास घ्या. आमच्या दशम्या परत येईस्तोवर कौलासारख्या झाल्या होत्या. अण्णांनी त्या चहात बुडवून खाल्ल्या आणि उरलेल्या तुकड्यांनी डॅशबोर्डवर माझ्या लेकाला ऑफसाइड शिकवला.