डीजेच्या सामानाला चाकाची बॅग घेताना: गणपतीआधीची तयारी

नागपंचमी झाली की बेळगावात दिवस मोजायला सुरुवात होते. आधी गणपती, मग दसरा, आणि तुळशीचं लग्न लागलं की हळदी-वरातींचा हंगाम थेट उन्हाळ्यापर्यंत चालतो. यंदा पहिल्यांदाच स्वतःचा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी वाजवायचं, मिसळायचं यंत्र) घेतलेल्या दोन-तीन पोरांनी गेल्या पंधरवड्यात मला एकच प्रश्न विचारला, "दादा, बॅग कुठली घेऊ?" त्यांना तोंडी जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो. टॉप आणि बेसचे मोठे स्पीकर, अँप, स्टॅबिलायझर हे सगळं टेम्पोतून जातं, त्याचा हा विषय नाही. कंट्रोलर, लॅपटॉप, माइक, केबली असं जे आपण स्वतःच्या हातानं ओढत स्टेजपर्यंत नेतो, त्याची ही गोष्ट.

दुकानात जायच्या आधी घरात टेप घेऊन बसा. लांबी, रुंदी आणि उंची मोजा, आणि उंची मोजताना टेप नॉबच्या (वर आलेल्या फिरत्या बटणांच्या) टोकापर्यंत धरा, नुसत्या पत्र्यापर्यंत नाही. कंपनीच्या खोक्याचं माप धरू नका, ते थर्माकोलसकट असतं. "कंट्रोलर बॅग" एवढ्या नावावर तर अजिबात जाऊ नका. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ साधारण ४८ सेंमी रुंद, २७ सेंमी खोल आणि वजनाला २.१ किलो. त्याच कंपनीचा डीडीजे-१००० जवळजवळ ७१ सेंमी रुंद आणि ६ किलोचा. दोन्ही कंट्रोलरच, पण एकाची बॅग दुसऱ्याला चालत नाही. मापाच्या चारी बाजूंना फोमसाठी दोनेक सेंमी जादा धरा आणि तिथंच थांबा. "पुढं मोठा कंट्रोलर घेतला तर असू दे" म्हणून वाढीव मापाची बॅग घेणारे पुष्कळ आहेत. त्यात सामान सरकतं आणि प्रत्येक खड्ड्याला बाजूवर आपटतं. वाढत्या पोराला शर्ट घेतो तसा हिशोब इथं चालत नाही.

मग वजन करा. रद्दीवाल्याकडं हुकाचा काटा असतो, पाच मिनिटांसाठी मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. न्यायचं ते सगळं एका पोत्यात घालून काट्याला लावा. छोटा कंट्रोलर, लॅपटॉप, दोन अडॅप्टर, हेडफोन, माइक आणि केबली धरून आठ-नऊ किलो सहज होतात. चाकाच्या बऱ्या बॅगेचं रिकामं वजनच चार-पाच किलो असतं, ते वर मिळवा. ज्यांच्याकडं वेगळे प्लेअर आणि मिक्सर आहेत त्यांनी सगळं एका बॅगेत कोंबायचा विचार सोडून द्यावा. एक सीडीजे-३००० प्लेअर साडेपाच किलोचा, डीजेएम-९०० मिक्सर आठेक किलोचा. दोन प्लेअर धरून बॅगेच्या वजनाआधीच १९ किलो झाले. माझी कसोटी साधी आहे: भरलेली बॅग एका माणसाला एका दमात टेम्पोच्या फाळक्यावर ठेवता आली पाहिजे. येत नसेल तर दोन बॅगा करा. मंगल कार्यालयाच्या जिन्यावर चाकांचा काही उपयोग नसतो, तिथं तुमचा खांदाच उपयोगी पडतो.

आता वाटेकडं वळू. या तयारीत मी सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवतो. टेम्पो थांबतो तिथून स्टेजपर्यंतची शे-दोनशे पावलं कशी आहेत, हे आपल्या नेहमीच्या चार-पाच ठिकाणांसाठी आठवून वहीत लिहून काढा. विसर्जनाला बाजारपेठेतले रस्ते वाहनांना बंद असतात, गाडी लांब लावून गणपत गल्ली, रामदेव गल्लीच्या गर्दीतून बॅग ओढत न्यावी लागते. खानापूर, जांबोटी भागात पायऱ्या जांभ्या दगडाच्या आणि अंगण तांबड्या मातीचं. पावसात ती माती कापडाला लागली की डाग निघत नाही. अथणीकडं काळी माती, ती चाकाला अशी धरते की दहा पावलांत चाक फिरायचंच थांबतं. गुळगुळीत फरशीवर पळणारी चार बारकी चाकं, जी सगळीकडं फिरतात, ती अशा वाटेसाठी बनलेलीच नाहीत. ती फटीत अडकतात, त्यांचा दांडा वाकतो, आणि टेम्पोत बॅग उभी ठेवली तर ब्रेक मारला की ती पुढं पळत जाते. मागं दोन, जागेवर पक्की बसवलेली, निदान आठ सेंमी व्यासाची रबरी चाकं असलेली बॅग घ्या. बोटानं चाक फिरवून बघा. बेअरिंग असेल तर ते आवाज न करता बराच वेळ फिरत राहतं. नुसत्या प्लॅस्टिकच्या भोकात बसवलेलं चाक खरखरतं आणि दोन-तीन फेऱ्यांत थांबतं.

नंतर बॅग उलटी करा आणि चाक कशानं धरलंय ते बघा. पहिल्या बॅगेच्या वेळी मी हे बघितलं नव्हतं. एका हळदीहून परत येताना चाक निखळलं, तसंच ओढल्यामुळं तळाचा कोपरा पार घासून गेला. दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, ओळखीच्या लेथवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी बॅग आडवी केली, अंगठा चाकाच्या मधोमध टेकवला आणि म्हणाले, "हे रिव्हेट आहे की रे. फोडल्याशिवाय निघत नाही, आणि फोडलं की भोक मोठं होतं. नट-बोल्ट असता तर तुला चहा पिऊन होईस्तोवर देऊन टाकलं असतं." तरीही त्यांनी केलं. आतून पत्र्याची पट्टी लावली, आठ मिलीमीटरचा दांडा कापून दोन्ही टोकांना आटे पाडले आणि स्केटिंगचं चाक बसवलं. त्या चाकात ६०८ नंबरचं बेअरिंग असतं: आतून ८ मिलीमीटर, बाहेरून २२, जाडी ७. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात नुसता नंबर सांगितला की मिळतं. म्हणून माझा आग्रह आहे की पान्यानं खोलता येईल असंच चाक घ्या. पंपापासून मशीनच्या सुट्या भागापर्यंत सगळं घडवणाऱ्या गावात आपण राहतो, चाकासाठी बॅग टाकून द्यायची वेळ आपल्यावर का यावी?

हँडल पूर्ण वर ओढा आणि डावी-उजवीकडं हलवा. थोडं हलणारच, पण खुळखुळ आवाज आला तर ती बॅग ठेवून द्या. एका नळीपेक्षा दोन नळ्यांचं हँडल बरं, वळणावर बॅग पिळत नाही. उंच माणसानं स्वतः चालून बघावं. हँडल आखूड असलं की बॅग टाचेला लागते. तळ दाबून बघा, आत कडक फळी हवी. जड वस्तू चाकांच्या बाजूला बसतील अशी मांडणी हवी, नाहीतर बॅग उभी केल्या केल्या तोंडावर पडते.

आतल्या फोमबद्दल मी जरा कडक आहे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. घाईत लॅपटॉपचा अडॅप्टर कंट्रोलरच्या वर ठेवून मी चेन ओढली. तिथं पोचल्यावर बॅग उघडली तर दुसऱ्या चॅनलच्या फेडरची (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाची) टोपी तुटलेली आणि खालची पट्टी तिरकी झालेली. वर सरकवला की मधेच अडकायचा आणि एका बाजूचा आवाज जायचा. पूर्ण कार्यक्रम एका चॅनलवर केला, म्हणजे एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळता येईना. प्रत्येक गाणं संपल्यावर दोन-तीन सेकंद शांतता पडायची, आणि नवरीचे भाऊ नाचता नाचता थांबून माझ्याकडं बघायचे. ते बघणं अजून डोळ्यांपुढं आहे. त्या घरात ती हळद एकदाच होणार होती.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. कंट्रोलरचा भार त्याच्या कडांवर यायला हवा, नॉब आणि फेडरवर अजिबात नको. म्हणून वरच्या फोमला मधे खोलगट जागा हवी, किंवा कंट्रोलरवर कडक प्लॅस्टिकचं झाकण हवं. खात्री करायला 'तरुण भारत'च्या जुन्या अंकाची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, ती नॉबवरून आडवी टाका, तिचं टोक बाहेर ठेवा आणि चेन लावा. आता पट्टी हळूच ओढा. अलगद सरकत आली तर वरून दाब नाही. अडकली किंवा फाटली तर त्या जागचा फोम कोरायला हवा. भाजी कापायच्या धारदार सुरीनं तो नीट कापता येतो. फोम बोटानं दाबून सोडा, लगेच वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहणारा फोम एका हंगामात चपटा होतो.

पावसाचं वेगळं सांगायला नको, आपल्याकडं गणपतीत पाऊस असतोच. कापडावर १६८० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) लिहिलेलं असेल तर ते ६०० डेनिअरपेक्षा जाड धाग्याचं आणि घासायला टिकाऊ, पण जाड म्हणजे जलरोधक नव्हे. पाणी कापडातून कमी आणि शिवणीच्या भोकांतून, चेनमधून जास्त शिरतं. दुकानात कापड उलटून बघा, आतून रबरासारखा लेप असला पाहिजे. चेनवर कापडाची पट्टी झाकलेली असावी, दात जाड असावेत आणि रनर दोन असावेत, म्हणजे एक बिघडला तरी कार्यक्रम निभावतो. वरून घालायचं रेन कव्हर सोबत मिळत नसेल तर वेगळं घ्या. जोरात पाऊस असेल तर कव्हरच्या आत लॅपटॉपला आणखी एक प्लॅस्टिकची पिशवी घालावी. मी आजही घालतो.

अस्तराचा रंग कुणी बघत नाही, पण बघावा. उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. म्हणजे आपली आवराआवर दहानंतरच सुरू होते, आणि तोवर मंडपवाल्यानं हॅलोजन उतरवायला घेतलेले असतात. काळ्या अस्तरात काळा अडॅप्टर, काळी केबल आणि काळा पेनड्राइव्ह शोधत बसावं लागतं. केशरी किंवा फिकट राखाडी अस्तर असेल तर मोबाइलच्या उजेडातही काय राहिलंय ते दिसतं.

कप्प्यांचं थोडक्यात. लॅपटॉपचा कप्पा चाकांपासून लांब हवा, आणि लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर खडबडीत रस्त्यावर बॅग ओढू नका, उचला. यूएसबी केबल एक वापरायची आणि एक तशीच नवीन, दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत. टेस्टर, इन्सुलेशन टेप, आवाजाच्या केबलींचे आरसीए आणि एक्सएलआर जोड, जाड पिनेचा एक्स्टेंशन बोर्ड यांची पिशवी बाहेरच्या कप्प्यात ठेवा, कारण गावाकडं जनरेटरपाशी पोचल्यावर पहिल्यांदा तीच लागते.

सांबऱ्याच्या विमानतळावरून विमानानं जाण्याची वेळ आली तर लक्षात ठेवा: देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ५५ × ३५ × २५ सेंमी आणि ७ किलो असते. ७१ सेंमीचा कंट्रोलर त्यात बसत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, सामानात टाकता येत नाही.

बॅग घरी आली की लगेच लेबल काढू नका. सगळं सामान भरा, घराच्या पायऱ्या उतरा, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत या, आणि उघडून बघा काय सरकलं. बदलून घ्यायची असेल तर दुकानदार दोन दिवसांत ऐकतो, दोन महिन्यांनी ऐकत नाही. मग नाव आणि मोबाइल नंबर जाड मार्करनं लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात चंदगडला कार्यक्रम केला काय किंवा चिकोडीला केला काय, रात्री बसमध्ये विसरलेली बॅग ज्या कंडक्टरच्या हाती लागेल त्याला ती वाचता आली पाहिजे. कन्नड अक्षर नीट येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराकडून लिहून घ्या, ते आनंदानं लिहून देतं.

कार्यक्रमाहून परत आल्यावर कितीही उशीर झालेला असो, बॅग बंद ठेवून झोपू नका. सामान बाहेर काढा, चाकातली माती काडीनं काढा, बॅग पूर्ण उघडून पंख्याखाली आडवी टाका. सकाळी चेनच्या दातांवरून मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवा, आणि फोम हाताला कोरडा लागल्याशिवाय कंट्रोलर परत आत ठेवू नका.